कागद कुणाचा?

आजारी माणूस आपल्याकडे दवाखान्यात एकटा जात नाही. त्याच्यासोबत एक पिशवी जाते. बहुधा साडीच्या दुकानाची, एक बंद तुटून गाठ मारलेली. आत केसपेपर, पिवळट पडलेले रक्ताचे रिपोर्ट, रेघा उडून गेलेल्या ईसीजीच्या पट्ट्या, औषधांच्या रिकाम्या स्ट्रिपा, आणि पिशवीत मावत नाही म्हणून गुंडाळून रबर लावलेली एमआरआयची फिल्म. एसटीत ही पिशवी कुणी वरच्या फळीवर टाकत नाही. ती मांडीवर असते. माणसापेक्षा तिला जपतात, आणि त्यात काही चूक नाही. पुढच्या डॉक्टरच्या लेखी तो माणूस म्हणजे तीच.

माझ्या मावशीची पिशवी घरी राहिली होती.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मावशी अंगणात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. वय ६८. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नर्सिंग होममध्ये नेलं. त्यांनी एक्स-रे काढून पुण्याला पाठवलं. रविवारी पहाटे आम्ही कॅज्युअल्टीत पोचलो. ड्युटीवर पोरसवदा डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?"

"आहे की," मावसभाऊ म्हणाला, "बारीक, पांढरी."

"नाव?"

नाव कुणालाच येईना. गावी फोन लावला. शेजारच्या काकू बॅटरी घेऊन मावशीच्या घरात शिरल्या, फडताळातून स्ट्रिप शोधून काढली. पण नाव छापलेला भाग आधीच्या गोळ्यांबरोबर कापून गेला होता. उरलेल्या तुकड्यावर फक्त 'एमजी' वाचता येत होतं. "सोमवारी अर्धी आणि बाकीचे दिवस एक घ्यायची, एवढं मला म्हायती आहे," काकू म्हणाल्या. ही गोळी ज्या हृदयरोगतज्ज्ञांनी दिली, त्यांचं रुग्णालय पुण्यातच होतं. आम्ही उभे होतो तिथून चार किलोमीटर. मावशी दोन वर्षं तिथं तपासायला येत होती, दर खेपेला रक्त देत होती, दर खेपेला नवा आकडा घेऊन जात होती. तिथं फोन केला. रेकॉर्ड रूम रविवारी बंद. सोमवारी किल्लीवाले आले आणि म्हणाले, अर्ज करा, पेशंटची सही आणा. पेशंट पायाला वजन बांधून पडलेली.

रक्त गोठण्याची चाचणी पुन्हा करणं भागच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण महिन्यापूर्वी झालेला इको पुन्हा झाला. थायरॉइड पुन्हा झालं. छातीचा एक्स-रे तालुक्याला निघाला होता, तोही पुन्हा निघाला, कारण "बाहेरचे रिपोर्ट आमच्याकडे चालत नाहीत." ऑपरेशन बुधवारी झालं. म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याचं ऑपरेशन होता होईल तो लांबवू नये, हे त्याच डॉक्टरीणबाईंनी मला नंतर, जिन्यात, आवाज खाली करून सांगितलं. मावशी वाचली. आता काठी घेऊन परसापर्यंत जाते.

या सगळ्यात दुष्टपणा कुणीच केला नव्हता. बाई भल्या होत्या, सर्जन निष्णात होते, किल्लीवाल्यांनी नियम पाळला. रविवारीच त्या दारातल्या चहावाल्याला मी मोबाइलवरून पंधरा रुपये दिले, आणि माझ्या बँकेतले पैसे त्याच्या बँकेत चहा गाळून व्हायच्या आत पोचले. पंधरा रुपयांना जो रस्ता आहे तो माझ्या मावशीच्या गोळीच्या नावाला नाही. याला मी अडचण म्हणत नाही. ही आपण सगळ्यांनी मिळून सांभाळलेली व्यवस्था आहे, आणि ती सांभाळण्यात कुणाचा काय लाभ आहे हे आता स्पष्ट बोलायला हवं.

कायदा नाही म्हणून असं होतं, ही सबब चालणार नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत लिहिलेलं आहे की रुग्णानं किंवा त्यानं नेमलेल्या माणसानं कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे. त्याच्याही आधी, १९९६ साली, मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं होतं की केसपेपर गुप्त म्हणून अडवून ठेवण्याचा अधिकार रुग्णालयाला नाही. राज्याच्या नर्सिंग होम नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. सनद लागली आहे. अनेक ठिकाणी ती बिलाच्या खिडकीशेजारीच लागली आहे, आणि त्या खिडकीतून आवाज येतो, "फाइल बिल क्लिअर झाल्यावर मिळेल."

मग अडतं कुठं? पहिलं उत्तर धंद्यात आहे. 'कट' हा शब्द महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. डॉक्टर चिठ्ठी देतात, अमुक लॅबमध्येच जा म्हणतात, आणि तिथल्या बिलातला वाटा पाकिटातून परत येतो. २०१७ साली सरकारनं याविरुद्ध कायद्याचा मसुदा केला होता. मसुदा मसुदाच राहिला. आता विचार करा, मावशीचा महिन्यापूर्वीचा इको जर कॅज्युअल्टीतल्या पडद्यावर दिसला असता, तर दुसऱ्या इकोचं बिल कुणी कोणत्या तोंडानं लावलं असतं? सामायिक नोंद ही पुन्हापुन्हाच्या तपासण्यांवर चालणाऱ्या दुकानाची दिवाळखोरी आहे. ज्यांची चूल त्यावर पेटते ते संगणकाच्या उद्घाटनाला फीत कापायला येतील, हारही घालून घेतील, पण शेजारच्या रुग्णालयाशी तार जोडायची वेळ आली की यांच्या सॉफ्टवेअरला अचानक पन्नास अडचणी येतात.

सगळेच डॉक्टर असे नाहीत, हे वाक्य इथं लिहायची पद्धत आहे. लिहिलं. तालुक्याच्या गावी स्वतःच्या हातानं अर्धं पान रेफरल लिहून, खाली मोबाइल नंबर घालून, रात्री अकराला "पोचले का पेशंट?" विचारणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. तंत्रज्ञान त्यांच्याकडे नसतं. तरी माहिती पोचते.

दुसरं उत्तर जास्त खोल आहे आणि ते डॉक्टरांपुरतं नाही. ज्ञान हातचं राखून द्यायचं, हा आपला फार जुना संस्कार. आमच्या गावच्या वैद्यांचा काविळीचा पाला कुठला, हे त्यांनी थोरल्या मुलालाही मरणाच्या आदल्या आठवड्यात सांगितलं असं म्हणतात. थोरला मुलगा मुंबईला गिरणीत होता, तो वेळेत पोचला नसता तर पाला गेला असता. ज्यांनी अक्षरच शतकानुशतकं काही घरांत कोंडून ठेवलं, त्या समाजाच्या हाती संगणक आला म्हणून तो लगेच वाटायला शिकेल, ही भाबडी समजूत आहे. तो आधी पासवर्ड लावायला शिकतो.

पण याच मातीतलं उलट उदाहरणही आहे. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापलं. तोवर तिथी-वार-नक्षत्र जोशीबुवांच्या मुखातून यायचं. ते दारी येणार, पंचांग वाचणार, दक्षिणा घेणार. छपाईच्या शाईत चरबी असते, तिला शिवायचं कसं, हा सनातन्यांचा आक्षेप. गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घातलं. आक्षेप विरघळला. घरोघरी खुंटीला पंचांग टांगलं गेलं आणि एकादशी कधी हे स्वयंपाकघरातल्या बाईला, अक्षरओळख असेल तर, कुणाला न विचारता कळू लागलं. जोशीबुवा उपाशी मेले का? मुळीच नाही. आजही मुहूर्ताला त्यांनाच विचारतात. छापखान्यानं त्यांची विद्या नेली नाही, फक्त त्यांच्यावाचून अडणं कमी केलं. आमच्या रुग्णालयांना भीती वाटते ती नेमकी या अडणं कमी होण्याची. 'फाइल आमच्याकडे म्हणजे पेशंट आमचा' हे गणित ज्यांनी मांडलं आहे त्यांच्या शाईत कितीही तूप घाला, ती त्यांना विटाळलेलीच वाटणार.

आणखी एक भीती आहे, तिच्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. नोंदी एकत्र आल्या की तुलना होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला दिवा हातात घेतलेली माहीत आहे. हिशेब मागणारी बाई म्हणून माहीत नाही. १८६० साली लंडनच्या सांख्यिकी परिषदेपुढे सर्व रुग्णालयांसाठी एकसारखे तक्ते तिनं ठेवले, आणि १८६३ च्या रुग्णालयांवरच्या पुस्तकात तक्रार केली की तुलना करता येईल अशा नोंदी शोधूनही सापडत नाहीत. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता, म्हणजे ही बाई आपल्याला अगदीच परकी नव्हती. तिचा प्रश्न आज तुमच्या गावातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात विचारून बघा: गेल्या वर्षी तुमच्याकडे ऑपरेशननंतर किती जखमा चिघळल्या? लॉबीतल्या कारंज्याबद्दल माहितीपत्रक मिळेल.

यंत्रणा उभी राहिली आहे, हे मान्य करतो. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ च्या सप्टेंबरात देशभर सुरू झालं. १४ आकडी आभा क्रमांक. कल्पना चांगली आहे, आणि ज्यांनी आखली त्यांनी विचार करून आखली आहे: सगळ्या नोंदी दिल्लीतल्या एका कोठारात भरायच्या नाहीत, ज्या रुग्णालयानं लिहिली त्याच्याकडेच राहतील, रुग्णानं संमती दिली तर दुसऱ्या रुग्णालयाला ठरावीक काळासाठी दिसतील, संमती परत घेता येते. आजवर ७० कोटींहून अधिक क्रमांक निघाले. पण क्रमांक म्हणजे नोंद नव्हे. कॅम्प लागतो, मुलगी लॅपटॉप घेऊन बसते, अंगठा, ओटीपी, कार्ड, पुढचा या. मावशीकडेही ते कार्ड आहे. लॅमिनेट केलेलं. खुबा मोडला त्या दिवशी ते उघडलं असतं तर आत काहीही नव्हतं, कारण दोन वर्षं तिचं रक्त काढणाऱ्या रुग्णालयानं एकही कागद त्याला जोडला नव्हता. घराला नंबर दिला, भिंती बांधायच्या राहिल्या.

रुग्णालयांनी नोंदी जोडाव्यात म्हणून सरकारनं २०२३ मध्ये प्रोत्साहन ठेवलं, ठरावीक मर्यादेपुढच्या दर नोंदीमागे २० रुपये. योजना आखणाऱ्यांना मी हसत नाही. माणसं ओळखून आखली आहे त्यांनी. हसू, किंवा जे काही येतं ते, आपल्याला येतं. रुग्णाच्या रक्ताचा रुग्णानंच पैसे मोजलेला आकडा रुग्णालाच मिळावा यासाठी सेवाव्रती म्हणवणाऱ्यांना वर वीस रुपये द्यावे लागले.

आणि हे काम करायचं कुणी? मावशीच्या वॉर्डात रात्रपाळीला एक सिस्टर, बेड तीसच्या वर. तिच्या डाव्या मनगटावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावलेला, त्यावर बॉलपेननं लिहिलेलं: ४ - १६०/९०, ७ - ताप, ११ - लघवी नाही. फिरता फिरता ती पट्टी भरायची. मग फाइलमध्ये उतरवायची, मग रजिस्टरमध्ये, मग पहाटे पाचला संगणकात, तेही दुसऱ्याच कुणाच्या तरी लॉगिननं, कारण तिचं लॉगिन अजून तयार झालं नव्हतं. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला होता. सकाळी ओव्हर देताना ती संगणकाकडे बघत नव्हती, मनगटाकडे बघत होती. सगळ्या रुग्णालयाची खरी माहिती त्या दोन इंच पट्टीवर होती आणि पाळी संपल्यावर ती कचऱ्याच्या डब्यात गेली. संगणकीकरण म्हणजे सिस्टरच्या डोक्यावर चौथं रजिस्टर, असा अर्थ आपण लावला आहे. एक रजिस्टर कमी करायची हिंमत एकाही प्रशासकाला होत नाही. आशाताईंची आणि एएनएमची कथा याहून निराळी नाही; त्यांची तर पिशवीच रजिस्टरांची असते.

आता आपल्याकडे, म्हणजे घरांकडे. डॉक्टरांना धारेवर धरताना टाळ्या मिळतात, म्हणून इथंच थांबायचा मोह होतो. पण माहिती दडपण्याचं पहिलं शिक्षण माजघरात मिळतं. मुलीला क्षय झाला होता, बरी झाली, तरी कागद जाळले, कारण पाहुणे यायचे आहेत. मुलाला फिट येतात हे लग्नानंतर सुनेला कळतं. वडिलांना कर्करोग आहे हे सगळ्या भावकीला माहीत, फक्त वडिलांना नाही; "त्यांना सांगू नका, खचतील." डॉक्टरही मान डोलावतात. ज्याचं शरीर त्यालाच त्याची बातमी नाही, आणि याला आपण माया म्हणतो. मग तोच माणूस दुसऱ्या गावी बेशुद्ध पडला की डॉक्टरनं अंतर्ज्ञानानं ओळखावं अशी अपेक्षा.

बाईची गत आणखी वेगळी. आधारला नवऱ्याचा मोबाइल जोडलेला, म्हणून आभा काढताना ओटीपी नवऱ्याच्या फोनवर, आणि पुढे संमतीचा निरोपही त्याच फोनवर. तिनं कोणत्या डॉक्टरला काय दाखवलं, तांबी बसवली का, मूल पडलं की पाडलं, हे सगळं ज्याच्या हाती जाऊ नये त्याच्या हाती आधी जाणार. कागदोपत्री संमती तिची. यंत्र निर्दोष चाललं, अशी नोंद होईल.

म्हणून, माझी माहिती सगळीकडे जाणार हे ऐकून जो दचकतो, त्याला मी मागासलेला म्हणणार नाही. पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये तपासणीला सोजीर घरात शिरू लागले तेव्हा लोकांनी आजारी माणसं लपवली. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई त्याच साथीत १० मार्चला गेल्या. त्यांच्याकडे लोकांनी रोगी आणले आणि सोजिरांपासून रोगी लपवले, यात विसंगती काही नाही. माणूस आजार सांगतो ते ज्याच्यावर विश्वास आहे त्याला. एचआयव्हीबाबत २०१७ च्या कायद्यानं गुप्ततेचं संरक्षण दिलं, ते याच अनुभवातून. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्यानं बंद पडले, देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकाला कित्येक दिवस हातानं केसपेपर लिहावे लागले. अशा वेळी 'जोडा, जोडा' म्हणून नुसतं ओरडणं हाही एक बेजबाबदारपणाच.

एस्टोनिया नावाचा एक छोटा देश आहे, लोकसंख्या पुण्यापेक्षाही कमी. तिथं २००८ पासून आरोग्याच्या नोंदी देशभर जोडलेल्या आहेत, आणि नागरिकाला स्वतःच्या नोंदीत हेही दिसतं की आपला कागद कुणी कधी उघडला. मला त्या देशाचं बाकी काही नको. एवढीच एक खिडकी हवी आहे, आणि तीही मराठीत: अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक डॉक्टरांनी तुमचा रिपोर्ट पाहिला. विमा कंपनीनं पाहिला. तुमच्या नवऱ्यानं पाहिला. जे रुग्णालय ही खिडकी उघडायला तयार नाही, त्यानं रुग्णाच्या गोपनीयतेची काळजी दाखवून कागद अडवून धरू नये. किल्ली स्वतःच्या कमरेला आणि नाव रुग्णाच्या लाजेचं, हा व्यवहार आपण फार वर्षं चालवून घेतला.

मावशी घरी आल्यावर मी तिचे कागद लावायला बसलो. पिशवी रिकामी केली, तारखेवार गठ्ठे केले, मोबाइलनं एकेकाचा फोटो काढला, गोळ्यांची नावं मोठ्या अक्षरांत लिहून फडताळाच्या आतल्या बाजूला चिकटवली. मावशी कॉटवर बसून बघत होती. मग म्हणाली, "ट्रंकेतबी हायेत थोडे."

ट्रंकेत तळाला, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याखाली, एक खाकी लिफाफा होता. १९८४ चा. मिरजेच्या एका डॉक्टरांची चिठ्ठी, आणि दोन-तीन महिन्यांच्या औषधांची यादी. नावं वाचताच मला कळलं की ही मनाच्या आजाराची औषधं आहेत. त्या वर्षी ती सहा महिने माहेरी होती, एवढंच आम्हा मुलांना माहीत होतं. मावसभावाला तेवढंही माहीत नसावं; तो तेव्हा दोन वर्षांचा होता.

मी मोबाइल उचलला.

"ते ऱ्हाऊ दे," मावशी म्हणाली. "त्याचा फोटो नगं."

"मावशी, उद्या कुठल्या डॉक्टरला लागलं तर..."

"लागलं तर मी सांगीन. मी हाय की अजून."

तिनं हात पुढं केला. मी लिफाफा तिच्या हातात दिला. तिनं तो उघडला नाही, नुसता एकदा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "ठेव हुता तितंच."

मी पंचांगं उचलली, लिफाफा तळाला ठेवला, आणि पंचांगं परत त्याच क्रमानं वर रचली.